पीएचडीचे पाचवे वर्ष, चौथा महिना आणि रविवारच्या पेशी

सहावा_मजला (पुणे):
मी एका संशोधन संस्थेत जीवरसायनशास्त्रात पीएचडी करते. फेलोशिपचे, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या वेतनाचे, पाचवे म्हणजे शेवटचे वर्ष चालू आहे आणि मला चौथा महिना लागला आहे. माझे सारे काम पेशीसंवर्धनावर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यावर, उभे आहे. दर दोन-तीन दिवसांनी पेशी नव्या बाटलीत हलवाव्या लागतात, मग तो रविवार असो की सण. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपून रात्री साडेनऊला नेसत्या साडीवर अ‍ॅप्रन चढवून मी उभी होते, कारण चोवीस तासांचा नमुना नेमका तेव्हाच काढायचा होता. पती हिंजवडीला नोकरी करतात, सासूबाई साताऱ्याहून येऊन राहतील. घरची अडचण नाही. आमचे गाईड रजेला कधी नाही म्हणत नाहीत, पण शनिवारी कोण दिसले नाही हे त्यांच्या लक्षात राहते. अजून मी त्यांना काहीच सांगितलेले नाही. २४० दिवसांची रजा मिळते असे ऐकते. ती घ्यावी, की आधी प्रबंध सादर करून मोकळे व्हावे? आणि रजेच्या काळात फेलोशिप चालू राहते का?

जुनी_ब्युरेट:
रजेचा विचार नंतर करा; गाईडना याच आठवड्यात सांगा. हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. रेणू वेगळे करायच्या जेलसाठी अ‍ॅक्रिलमाइडची पूड तोलणे, फिनॉल-क्लोरोफॉर्म, फॉर्मॅलिन आणि किरणोत्सारी समस्थानिके असतील तर तीही, ही गरोदरपणात धोक्याची कामे तुमच्याकडून तातडीने काढून घेतली गेली पाहिजेत, आणि त्यांना माहीत नसेल तर ती कोण काढून घेणार?

आता मुदतीचे. इथे दोन वेगळी घड्याळे चालतात आणि बहुतेकांची फसगत त्यातच होते. पहिले नोंदणीचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षे, फेरनोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर अधिक दोन, अशी कमाल दहा वर्षांची मुभा आहे. २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजाही त्याच नियमांतली, संपूर्ण कालावधीत एकदाच. दुसरे घड्याळ पैशाचे. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार कनिष्ठ फेलोला महिना ३७,००० आणि वरिष्ठ फेलोला ४२,००० रुपये, अधिक घरभाडे, पण हे साधारण पाच वर्षांपुरतेच. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या नियमांप्रमाणे महिला फेलोंना सरकारी नियमांनुसार प्रसूती रजा पूर्ण फेलोशिपसह मिळते, आणि सरकारी प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. म्हणजे २४० आणि १८० हे आकडे वेगवेगळ्या कागदांवरचे आहेत. पहिले घड्याळ थांबले म्हणून दुसरे आपोआप थांबेल असे समजू नका. तुमची फेलोशिप ज्या संस्थेची आहे तिला पत्र लिहा, रजेचा काळ पाच वर्षांच्या बाहेर धरणार का हे स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कार्यालयातल्या "होऊन जाईल मॅडम" या उत्तरावर बाळंतपणाचे नियोजन करू नये.

पाळणाघराचीही चौकशी आताच करा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कायद्याने पाळणाघराची सोय द्यावी लागते, परंतु फेलोच्या ओळखपत्रावर 'विद्यार्थी' लिहिलेले असते. शनिवारी मात्र आपण कर्मचारी असतो, हे वेगळे सांगायला नको.

अर्धा_कप:
मी थोडा वेगळा सल्ला देईन. तुमच्या हातात पाच महिने आहेत, तर प्रबंध आधी लिहा. माझे सहावे वर्ष फेलोशिपविना गेले. घर पत्नीच्या पगारावर चालले, आणि मी मात्र "फक्त हा एक प्रयोग" म्हणत रात्री अकराला घरी पोहोचत असे. तो प्रयोग शोधनिबंधाच्या परीक्षकाने मागितला होता, प्रबंधाला त्याची गरजच नव्हती, आणि हे मला गाईडनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. तेव्हा आकृत्यांची यादी करून त्यांच्यासमोर बसा आणि कोणती आकृती प्रबंधाची व कोणती निबंधाची, हे ठरवून घ्या. पेशींची काळजी करू नका. डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारे द्रावक) घालून रात्रभर उणे ऐंशीला आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या की त्या वर्षभर काय, कितीही थांबतात.

ऱ्हाइनकाठची:
अर्धा_कप यांचा हिशेब कागदावर बरोबर आहे, पण सातव्या-आठव्या महिन्यात रोज आठ तास खुर्चीत बसून लिहिता येईलच असे नाही. त्यांनी ते करून पाहिलेले नाही, मी पाहिले आहे.

बाहेर सगळे सोपे असते असा समज असेल तर तोही काढून टाका. जर्मनीत प्रसूतीपूर्वी सहा आणि नंतर आठ आठवडे संरक्षित रजा आहे. शास्त्रज्ञांच्या मुदतीच्या करारांना पीएचडीपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांची जी मर्यादा आहे, ती प्रत्येक अपत्यामागे दोन वर्षांनी वाढू शकते. मात्र मर्यादा वाढते, करार वाढतोच असे नाही. मुलीच्या जन्मानंतर मी दोन शहरे बदलली आणि दोन्हीकडे पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत पुन्हा शेवटून उभी राहिले. भारतात संशोधनातल्या खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या वाइज-किरणसारख्या योजना आहेत, त्या आताच वाचून ठेवा.

सहावा_मजला:
सोमवारी सांगितले. सर मिनिटभर गप्प बसले आणि पहिला प्रश्न, "पेशी कोण बघेल?" मी यादी पुढे केली. प्रबंधाला चार आकृत्या पुरेशा आहेत हे त्यांनी मान्य केले. तीन झाल्या आहेत. चौथीचे जेल आता कनिष्ठ सहकारी चालवेल आणि मी फक्त विश्लेषण करेन. शनिवारचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. आज सहा कुप्या, तारीख आणि माझी आद्याक्षरे घालून, नायट्रोजनच्या टाकीत गेल्या. फेलोशिपसाठीचे पत्र पोचपावती घेऊन दिले आहे, उत्तर यायचे आहे.