‘टॅक्ट टाइम’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: जर्मनीतील मूळ कारखाना आणि चाकण येथील जुळणी विभाग यांच्या संयुक्त प्रकल्पासाठी कार्यसूचना मराठीत आणण्याचे काम चालू आहे. मसुद्यात ‘टॅक्ट टाइम’ आणि ‘सायकल टाइम’ या दोन्हींसाठी ‘आवर्तनकाळ’ हा एकच शब्द आला आहे. दोन्हींतील भेद दाखवणारे आणि लाइनवर काम करणाऱ्यांना वाचताक्षणी कळतील असे शब्द कोणते?

प्रतिसाद १: दोन्हींसाठी एकच शब्द ठेवू नये, कारण त्यामुळे कार्यसूचनेचा अर्थच बिघडतो. ‘टॅक्ट’चे मूळ असलेला ‘टाक्ट’ हा जर्मन शब्द लॅटिनमधील ‘टाक्टुस’, म्हणजे स्पर्श, यावरून आला आणि संगीतात त्याला ठोका, मात्रांचा गट असा अर्थ मिळाला. १९३०च्या दशकात जर्मन विमान उद्योगाने तो उत्पादनाकडे वळवला: ठरलेल्या अंतराने सर्व अर्धवट विमाने एकाच वेळी पुढच्या ठाण्यावर, म्हणजे कामाच्या पुढच्या जागी, सरकत. तेथून ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत स्थिरावली. जपानीत ‘ताकुतो’ म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हातातील छडीसुद्धा. हा प्रवास येथे सांगण्याचे कारण असे की, शब्दाच्या अर्थाचा गाभा त्यातच आहे. ठोका वादक ठरवत नाही, तो बाहेरून येतो, आणि कारखान्यात तो ग्राहकाच्या मागणीकडून येतो.

म्हणून व्याख्या अशी: पाळीत कामासाठी प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या वेळेला त्या पाळीत हव्या असलेल्या नगांनी भागले की टॅक्ट टाइम मिळतो. ४८० मिनिटांच्या पाळीतून जेवणाची ३० आणि चहाची दोनदा १० मिनिटे वजा केली, तर ४३० मिनिटे उरतात. मागणी २१५ नगांची असेल, तर एका नगामागे २ मिनिटे मिळतात. सायकल टाइम मात्र घड्याळ लावून मोजायचा असतो. एखाद्या ठाण्यावर एक नग पूर्ण करायला १३० सेकंद लागत असतील, तर ते ठाणे मागणीला पुरे पडत नाही, आणि प्रक्रियासुधारणेचे काम तेथूनच सुरू झाले पाहिजे.

माझ्या मते मराठीत हा भेद दोन साध्या क्रियापदांनी नेमका व्यक्त होतो. टॅक्ट टाइम म्हणजे ‘नगामागे मिळणारा वेळ’ आणि सायकल टाइम म्हणजे ‘नगामागे लागणारा वेळ’. ‘आवर्तनकाळ’ हा शब्द वाईट नाही, परंतु तो सायकल टाइमपुरताच राखावा.

प्रतिसाद २: अर्थ पटला, तरी ‘ठोका’ हाच शब्द सरळ का घेऊ नये? घड्याळाचा ठोका, काळजाचा ठोका हे प्रयोग सर्वांच्या ओळखीचे आहेत. ‘ठेका’ मात्र नको, कारण कारखान्यात त्याचा पहिला अर्थ कंत्राट असाच होतो.

प्रतिसाद १: ‘ठेक्या’विषयीचे मत बरोबर आहे. ‘ठोका’ प्रशिक्षणात समजावून सांगताना उत्तम, पण यंत्राजवळच्या फलकावर तो एकटा लिहिला, तर ‘ठोकणे’चे आज्ञार्थी रूप म्हणून वाचला जाईल, आणि प्रेस किंवा फिटिंग विभागात तसा गैरसमज परवडणारा नाही. ‘मागणीचा ठोका’ असे पूर्ण लिहिल्यास ही अडचण राहत नाही. लाइनवर सगळे ‘टॅक्ट’च म्हणतात, तेव्हा फलकावर ‘टॅक्ट टाइम’ राहू द्यावा. सूचनेत पहिल्या उल्लेखापाशी मराठी अर्थ मात्र अवश्य द्यावा.

आपल्या प्रकल्पाच्या दृष्टीने आणखी एक बाब फार महत्त्वाची आहे. दोन देशांतील कारखान्यांची रोजची मागणी प्रत्येकी २१५ नगांची असली, तरी जर्मनीतील लाइन एका पाळीत आणि चाकणची दोन पाळ्यांत चालत असेल, आणि पाळी वर धरली तेवढीच असेल, तर तेथे २ मिनिटे आणि येथे ४ मिनिटे मिळतात. म्हणून मूळ जर्मन कागदावरील आकडा अनुवादात जसाच्या तसा उतरवू नये. तो स्थानिक पाळ्यांवरून नव्याने काढावा लागतो. ‘टॅक्ट टाइम सुधारला’ असे अहवालांत वाचायला मिळते, तेही चूक आहे. सुधारतो तो लागणारा वेळ. मिळणारा वेळ मागणी किंवा कामाचे तास बदलले तरच बदलतो.

प्रतिसाद ३: यालाच जोडून ‘लीड टाइम’साठी काय सुचवाल?

प्रतिसाद १: मागणी नोंदवल्यापासून माल हाती पडेपर्यंतचा काळ असेल तर ‘पूर्तिकाळ’. नग लाइनवर आल्यापासून तयार होऊन बाहेर पडेपर्यंतचा काळ अभिप्रेत असेल, तर ‘लाइनवरील एकूण वेळ’ एवढे पुरेसे आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार लाइनवरील नगांना दोन नग बाहेर पडण्यातील सरासरी वेळेने गुणले की लाइनवरील सरासरी वेळ मिळतो. म्हणून २ मिनिटांच्या ठोक्यावर चालणाऱ्या लाइनवर ३०० अर्धवट नग साचले असतील, तर नव्याने आत आलेल्या नगाला बाहेर पडायला सरासरी ६०० मिनिटे लागतील, मग प्रत्येक ठाण्यावरचे काम कितीही चपळ असो.

मूळ प्रश्नातील सूचनेसाठी वाक्य असे लिहावे: ‘टॅक्ट टाइम, म्हणजे नगामागे मिळणारा वेळ, २४० सेकंद आहे. आपल्या ठाण्यावर नगामागे लागणारा वेळ यापेक्षा वाढल्यास मदतीसाठी लावलेली दोरी ओढून लाइनप्रमुखांना बोलवावे.’