मदत हवी आहे: गाडीच्या स्टिरिओला वेगळा साउंड प्रोसेसर लावावा का?

नमस्कार. गाडीतल्या आवाजावरून चार महिने स्वतःचं डोकं खाल्लं, आता तुमचं खायला आलोय.

सध्याची मांडणी अशी: गाडीबरोबर आलेला टचस्क्रीन तसाच ठेवलाय, कारण रिव्हर्स कॅमेरा आणि एसीची सेटिंग्ज त्यातच आहेत. त्याच्या स्पीकरच्या वायरी चार चॅनेलच्या अँपला (आवाजाची ताकद वाढवणारा डबा) हाय-लेव्हल इनपुटवर, म्हणजे थेट स्पीकरच्या वायरी घेणाऱ्या जोडावर दिल्यात. अँपचे दोन चॅनेल पुढच्या दारांतल्या साडेसहा इंची कंपोनंट स्पीकरना (जाड आवाजाचा वूफर आणि बारीक आवाजाचा ट्वीटर वेगवेगळे), मधे त्यांच्याबरोबर आलेला पॅसिव्ह क्रॉसओव्हर, म्हणजे दोघांना आपापला आवाज वाटून देणारा तुकडा. उरलेले दोन चॅनेल ब्रिज करून (एकत्र जोडून) डिकीतल्या दहा इंची सबवूफरला, म्हणजे खोल बेसच्या स्पीकरला. मागचे स्पीकर बंद.

तक्रारी तीन. गायकाचा आवाज समोरून यायला हवा, तो धड कुठूनच येत नाही, पसरल्यासारखा वाटतो. सब बंद केला की दारांतून बेस जवळजवळ नाहीच. गंमत म्हणजे बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेला तर उलट भरदार वाटतो. आणि आवाज मोठा केला की सबचा दम जातो, नुसती कर्कश गाणी उरतात.

फिटिंग करून देणाऱ्याचं म्हणणं, "प्रोसेसर टाका, सगळं सुटेल." मला तीन वाटा दिसतात: वेगळा प्रोसेसर (प्रत्येक स्पीकरचा आवाज स्वतंत्र जुळवणारा डबा), आतच प्रोसेसर असलेला नवा अँप, किंवा फोनमधल्या इक्वलायझरवर (बेस-ट्रेबल वगैरे पट्टे कमीजास्त करण्याची सोय) भागवणं. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १:
फोनचा इक्वलायझर आधी यादीतून काढा. तो सगळ्या स्पीकरना एकच औषध पाजतो. तुम्हाला प्रत्येक स्पीकरची वेगळी नाडी बघायची आहे, आणि तेच प्रोसेसरचं खरं काम.

गाडीत आपण कधीच मधोमध बसत नाही. टेप घ्या आणि डोक्यापासून दोन्ही दारांच्या स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो. फरक ६० सेंमी निघाला तर लांबचा स्पीकर पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कान पहिल्यांदा आलेल्या आवाजाकडे वळतो, म्हणून गायक तुमच्या मांडीजवळच्या दारात जाऊन बसतो. शिवाय २८५ हर्ट्झच्या आसपास हा फरक बरोबर अर्ध्या तरंगाएवढा भरतो, म्हणजे दोन्ही स्पीकर तिथे एकमेकांना खोडतात. गायकाच्या आवाजाचं अंग त्याच पट्ट्यात असतं. इक्वलायझरने हा खड्डा भरत नाही, कारण वाढवाल तर दोन्ही स्पीकर सारखेच वाढणार आणि तितकेच खोडणार. वर ६ डीबी (डेसिबल) वाढवायला अँपची चौपट ताकद जाते ती वेगळीच. उपाय म्हणजे जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर देणं. तो प्रोसेसर देतो.

प्रतिसाद २:
माझं मत उलट. आधी दारं बघा. बुटाइल शीट (कंप दाबणारा चिकट रबरी थर) लावून आतल्या पत्र्याची भोकं बंद केली का? स्पीकरच्या मागची हवा पुढच्या हवेत मिसळत असेल तर बेस तिथेच संपला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असला हा प्रकार होईल.

प्रतिसाद ३:
वरचे दोघेही बरोबर, पण धाग्यातलं एक वाक्य कोणी धरलंच नाही. बॅलन्स एका बाजूला नेला की बेस वाढतो, मधे आणला की नाहीसा होतो. अहो, एका दाराच्या वायरी उलट्या जोडल्यात! एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातोय. गायक "कुठूनच येत नाही" हेही त्याचंच लक्षण. नुसता अंतराचा दोष असता तर तो जवळच्या दारात सापडला असता.

तपासणी सोपी. अँप बंद, स्पीकरच्या दोन्ही वायरी अँपपासून आणि क्रॉसओव्हरपासून सोडवा, आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की पडदा बाहेर उडी मारायला हवा. ट्वीटरला सेल लावू नका, तिथे डोळ्यांना काही दिसत नाही आणि उगीच जोखीम.

धागाकर्ता:
प्रतिसाद ३ यांना साष्टांग नमस्कार. डाव्या दाराचा पडदा आत गेला. क्रॉसओव्हरच्या तोंडाशीच वायरी उलट्या होत्या. सरळ केल्या आणि दारांतून बेस आला. चार महिने मी इक्वलायझरच्या पट्ट्या वरखाली करत बसलो होतो, हसावं की रडावं कळेना. फिटिंग करणाऱ्याला फोन केला तर "असं होतं कधीकधी" म्हणाला.

आता गायक सापडला, पण तुम्ही म्हणता तसा माझ्याच दारात. टेपने मोजलं: ८५ आणि १४५ सेंमी. फरक बरोबर ६०. स्क्रीनच्या मेनूत उशीर देण्याची सोय नाही, फक्त बॅलन्स, फेडर (पुढचे-मागचे स्पीकर) आणि बेस-ट्रेबल. मोठ्या आवाजात सब मरतो ती तक्रार जशीच्या तशी आहे.

प्रतिसाद १:
शेवटची तक्रार बहुतेक त्या स्क्रीनचीच. गाडीबरोबर येणारी बरीच हेडयुनिट (तुमच्या स्क्रीनसारखे मुख्य स्टिरिओ) मूळचे हलके स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढेल तसा बेस गुपचूप कापतात. ४० आणि २०० हर्ट्झचे टोन सारख्याच पातळीवर वाजवा आणि अँपच्या इनपुटला मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा, एकदा कमी आवाजावर, एकदा जास्त. स्पीकर सोडून ठेवा, नाहीतर शेजारी येतील. टोन त्याहून उंच घेऊ नका, साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाचे नसतात. आणि मोजताना हेडयुनिटच्या मायनस वायरी गाडीच्या बॉडीला टेकवू नका. त्या अर्थच्या (ग्राउंडच्या) वायरी नसतात, त्यांच्यावरही आवाज असतो.

धागाकर्ता:
मोजलं. व्हॉल्यूम १५ वर ४० हर्ट्झला १.१ व्होल्ट, २०० ला ०.९. व्हॉल्यूम २८ वर ४० ला २.६ आणि २०० ला ४.२.

प्रतिसाद १:
म्हणजे १५ वर बेस थोडा वर होता, २८ वर तो मागे पडला. दोन्ही मिळून जवळपास ६ डीबीचा फरक. सबचं काही चुकलेलं नाही, त्याला वरूनच रेशन कमी येतंय.

आता माझं मत पक्कं: प्रोसेसर घ्या, आणि वेगळाच घ्या. अँप धडधाकट आहे, तो कशाला विकायचा? फक्त प्रोसेसरला हाय-लेव्हल इनपुट असावा आणि बरोबर आवाजाचं वेगळं बटण असावं. बेस कापला जाण्याआधीचा एक व्हॉल्यूम शोधा, स्क्रीन कायमचा तिथे ठेवा, त्या जागचा बेस-ट्रेबलचा बाक प्रोसेसरमध्ये सरळ करून घ्या आणि पुढे आवाज फक्त त्या बटणाने कमीजास्त करा. नव्या अँपनेही हे झालं असतं, पण दुप्पट उचकापाचक करून.

प्रतिसाद ४:
एक सावधगिरी. साखळीत एक डबा वाढला की खरखरही वाढायची शक्यता. प्रोसेसर आणि अँपची अर्थ वायर एकाच बोल्टला, रंग खरवडून. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर पहिला संशय तिथेच. आणि अँपचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) शेवटपर्यंत पिळू नका, तो काही व्हॉल्यूमचा खटका नाही.

धागाकर्ता:
दोन शंका. पॅसिव्ह क्रॉसओव्हर काढावा लागेल का? आणि माझ्या खुर्चीला जुळवलं तर शेजारी बसणाऱ्याचं काय?

प्रतिसाद ३:
क्रॉसओव्हर तूर्त राहू द्या. तो असेपर्यंत एका दाराचा ट्वीटर आणि वूफर यांना वेगवेगळा उशीर देता येणार नाही, पण दोन दारांमधला देता येईल, आणि तुमचं मोठं दुखणं तेच आहे. काढायचा म्हटलं तर पुढच्यांनाच चार चॅनेल लागतील आणि सबला आणखी एक अँप. त्या दिवशी ट्वीटरला मालिकेत एक कपॅसिटर टाका, म्हणजे सेटिंग चुकून बेस तिकडे गेला तरी ट्वीटर जळणार नाही. ४ ओहमला ४७ मायक्रोफॅरड साधारण ८५० हर्ट्झवर कापायला सुरुवात करतो.

शेजारच्याचं मात्र बिघडतंच, त्याला इलाज नाही. बऱ्याच प्रोसेसरमध्ये सेटिंगचे दोन-चार साठे असतात. एक एकट्यासाठी, एक उशीर शून्य केलेला.

आणि नुसत्या कानाने इक्वलायझर लावू नका. मोजणीचा मायक्रोफोन आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. आधी क्रॉसओव्हर, मग पातळी, मग उशीर, आणि इक्वलायझर सगळ्यात शेवटी. वाढवण्यापेक्षा कापण्यावर भर द्या.

धागाकर्ता:
ठरलं तर. या रविवारी दारांना बुटाइल शीट, प्रतिसाद २ यांच्या शब्दाला मान देऊन. त्यानंतर सहा इनपुट, आठ आउटपुटचा प्रोसेसर, क्रॉसओव्हर जागच्या जागी. फिटिंग या वेळी स्वतः करणार. सेल खिशातच ठेवलाय.