मदत हवी आहे: ठिबकचं पाणी शेवटच्या वाफ्यांपर्यंत पोचतच नाही

परसबागी
निवृत्तीनंतर मुक्काम गावच्या घरी हलवलाय. ऊन तापायच्या आत परसबागेची कामं उरकायची आहेत. ठिबक बसवलं, तर पहिल्या दोन वाफ्यांत चिखल, मधल्या दोनांत जेमतेम ओल आणि शेवटच्या दोनांत थेंबही नाही. टाकी भरलेली असते, नळी कुठे दुमडलेली नाही, सामान सगळं नवीन. टोमॅटो-वांग्याची रोपं लावणीला आलीत. फाटक रंगवायचंय, खताचा खड्डा उपसायचाय, तेही यामुळे अडलंय. नेमकं काय करू ते सांगा. ‘ठिबक काढून टाका’ हा सल्ला कृपया नको.

चौकस
टाकीचं बूड जमिनीपासून किती उंच? ड्रिपर कुठल्या प्रकारचे? फिल्टर आहे का? एकूण नळी किती मीटर?

परसबागी
टाकी पुरेशी उंच आहे, ५०० लिटरची. ड्रिपर ताशी ४ लिटरचे, चांगल्यातले. नळी १६ मिलिमीटरची. अजून काय हवं?

चौकस
‘पुरेशी’ म्हणजे किती ते टेप लावून मोजा. सगळं तिथेच अडतं. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, आणि ड्रिपरवर लिहिलेले ४ लिटर हे १ बारचे असतात. टाकी ३ मीटरवर असेल तर दाब ०.३ बार. साधा ड्रिपर त्या दाबावर ताशी २.२ लिटरच्या आसपास देतो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो.

जुना_फिटर
एवढं गणित कशाला? अर्ध्या अश्वशक्तीचा पंप टाकीच्या तोंडाशी बसवा, पुढे प्रेशर रेग्युलेटर लावून दाब १ बारला आणा. काम फत्ते.

थेंबथेंब
पंप हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. वीज गेली की बाग कोरडी. शिवाय नळी तुंबलेली असेल तर पंप तो दोष झाकून ठेवतो आणि एक दिवस जोड निसटतो.
परसबागी, आधी एवढं करा. नळीच्या टोकाचं बूच म्हणजे एंड कॅप उघडून पाणी वाहू द्या. धार जोरात आली तर दोष ड्रिपरमध्ये. धार मलूल असेल तर दोष नळीत किंवा फिल्टरमध्ये. मग फिल्टरची जाळी काढून पुन्हा बघा. जाळी तुंबली की एक-दोन मीटरचा दाब तिथेच मरतो, आणि तुमच्याकडे मुळात आहेच किती! बघून झाल्यावर जाळी न विसरता परत बसवा.

मडकेवाली
‘काढून टाका’ म्हणत नाही, पण सहा वाफ्यांसाठी मडकी पुरतात. चकाकी न दिलेलं, सच्छिद्र मातीचं ५ लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर झाकण, भोवती तीन-चार रोपं. माती कोरडी झाली की पाणी आपोआप झिरपतं. दाब नको, फिल्टर नको.

थेंबथेंब
मडकं चांगलंच, पण क्षारांच्या पाण्यात त्याची छिद्रंही बुजतात. आणि सहा वाफ्यांची मडकी हाताने भरायची म्हणजे कंबरेचा प्रश्न.

मडकेवाली
क्षार बसले की ब्रशने घासून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं, बरेच सुटतात. ठिबकच्या नळीला आतून ब्रश लावता येतो का?

सावली
फाटकाचं कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते. तारेच्या ब्रशने गंज खरवडा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, फडक्याने धूळ पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. खरवडलेलं लोखंड रात्रभर दवात राहिलं की पुन्हा गंज धरतं. रंगाचे दोन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. तापलेल्या पत्र्यावर रंग लावू नका, फोड येतात.

परसबागी
फाटकाचं नंतर! मोजलं. टाकीचं बूड ३ मीटर. कॅप उघडल्यावर करंगळीएवढीही धार नाही. फिल्टर काढून पाहिला, फरक पडला नाही. जाळी स्वच्छच होती. ड्रिपरवर ‘पीसी’ लिहिलंय. वाफे सहा, प्रत्येकी १२ मीटर, ड्रिपर दर ४० सेंटिमीटरला. शेवटचा वाफा जरा चढावर आहे.

चौकस
आता सहा वाफ्यांना पाणी कसं वाटलंय ते सांगा. मुख्य नळीवरून सहा फाटे, की एकच नळी वळवत नेली आहे?

परसबागी
एकच नळी, नागमोडी. जोड कमी तर गळती कमी, म्हणून.

चौकस
सापडलं. एका वाफ्यात ३० ड्रिपर, म्हणजे एकूण १८०. ताशी ४ लिटरने ७२० लिटर पाणी एकाच १६ मिलिमीटरच्या नळीतून जायला हवं. वळणं धरून नळी ८० मीटर. एवढा प्रवाह ढकलायला ४-५ मीटरचा दाब नुसत्या घर्षणात जातो. तुमच्याकडे ३ मीटर आहेत, त्यातला थोडा चढाने खाल्ला. पहिले वाफे पाणी पिऊन घेतात, शेवटच्यांना काही उरत नाही.

थेंबथेंब
आणि पीसी, म्हणजे दाब बदलला तरी पाणी सारखंच देणारे, ड्रिपर बदला. त्यातला रबरी पडदा दाब एका मर्यादेच्या वर असला तरच नीट काम करतो. बहुतेकांना ०.५ ते १ बार लागतो. काही प्रकार त्याखाली उघडतच नाहीत. ०.३ बारला साधे, उघडून धुता येणारे ड्रिपर हवेत.

जुना_फिटर
म्हणजे नवे ड्रिपर, नवी नळी, नवे जोड. पंप एकदा बसवला की पीसी ड्रिपरही चालले असते.

चौकस
नागमोडी नळीत पंप लावूनही पहिल्या आणि शेवटच्या वाफ्याच्या दाबात मोठी तफावत राहील. आधी मांडणी सुधारा. टाकीपासून वाफ्यांच्या डोक्याशी आडवी ३२ मिलिमीटरची नळी टाका. आहे तीच १६ ची कापून प्रत्येक वाफ्याला १२ मीटरचा तुकडा द्या, सुरुवातीला छोटा कॉक, शेवटी एंड कॅप. एका तुकड्यात ताशी ६६ लिटर वाहील, त्यात घर्षणाने पाच सेंटिमीटरही दाब जात नाही. आडवी नळी सलग चढती किंवा सलग उतरती ठेवा. मध्ये उंचवटा राहिला की हवा अडकते आणि एवढ्या कमी दाबाला ती ढकलता येत नाही.

परसबागी
टायमर लावायचा विचार होता. चालेल ना?

थेंबथेंब
बॉल व्हॉल्व्हचा घ्या, तो शून्य दाबालाही उघडतो. सोलेनॉइडचे, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारे, बरेचसे किमान दाब मागतात. आणि टाकीत उजेड जात असेल तर झाका, नाहीतर उन्हाळ्यात शेवाळ होऊन १२० मेशची जाळी सतत धुवावी लागेल.

जुना_फिटर
क्षार साठले तर आम्ल सोडायचं, शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकदम सोडलं की एका फेरीत काम होतं.

थेंबथेंब
हे अजिबात करू नका! आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसं जाळतो. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, मध्ये नळी साध्या पाण्याने धुऊन. आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

जुना_फिटर
वेगवेगळ्या दिवशी, मान्य. ३२ च्या नळीला भोकं पाडताना ग्रोमेटच्या (भोकात बसणाऱ्या रबरी कडीच्या) मापाचंच ड्रिल घ्या. भोक जरा मोठं झालं तरी गळतं. कापलेल्या प्लास्टिकचे तुकडे आत पडतात, ते फिल्टरच्या पुढे असल्यामुळे थेट ड्रिपरमध्ये जातात. म्हणून फाटे जोडण्याआधी नळी उघड्या तोंडाने धुऊन काढा.

परसबागी
ठीक. सामान आणतो. नीट चाललंय हे ओळखायचं कसं?

चौकस
सगळे कॉक उघडा. पहिल्या वाफ्याच्या पहिल्या आणि सहाव्या वाफ्याच्या शेवटच्या ड्रिपरखाली एकाच वेळी ६ मिनिटं भांडी ठेवा. जितके मिलिलिटर भरेल, त्याची दहापट म्हणजे तासाचं पाणी. साध्या ड्रिपरला २०० ते २२० मिलिलिटर यायला हवं, शेवटच्याला चढामुळे थोडं कमी. फरक १० टक्क्यांच्या आत आला की रोपं लावा. जास्त आला तर तो आकडा इथे लिहा.