ग्रीसमधली घळ चालायची आहे: सामारिया की विकोस?

रंकाळ्याचा_गडी: आम्ही चौघं कोल्हापूरचे, पन्नाशीच्या आसपासचे. पन्हाळा-पावनखिंड नेहमीची, चिखलाचं काही वाटत नाही. सप्टेंबरअखेर सहकुटुंब ग्रीसला निघालोय. बायकांना सांतोरिनी, आम्हाला एक दिवस डोंगर पाहिजे. एकाचा गुडघा कुरकुरतो, पण गडी मागं राहायला तयार नाही. कुठली घळ धरू? दोघं माळकरी आहेत, खायचं काय?

घाटवाट: सांतोरिनी ठरलीय तर सामारियाच. तिथनं क्रीट बेटाला बोट मिळते, सामारिया तिथंच आहे. विकोस पार वायव्येला, इओआनिना शहराच्या पुढं. एका दिवसाचं काम नव्हे.

सामारिया ओमालोसच्या पठारावर साधारण १२३० मीटरवर सुरू होते आणि १६ किलोमीटरनं समुद्राला टेकते. म्हणजे जवळजवळ सगळा उतारच. आपल्याला आधी चढून अंग तापवायची सवय. इथं भल्या सकाळी आखडलेल्या पायांनी उतरायचं, आणि सुरुवातीची वळणंच सगळ्यात खडी. गुडघेवाल्याला दोन काठ्या द्या. आतापासून त्याला जोतिबा चढवू नका, उतरवा. चढायला गाडी आहे.

पुढं एके ठिकाणी कडे जेमतेम चार मीटरवर येतात, उंची तीनशेच्या घरात. फोटो काढा, पण घड्याळ बघून. खाली घळ संपते त्या आगिया रुमेली गावाला गाडीरस्ताच नाही. बोटीनं सुगिया किंवा होरा स्फाकियोन, तिथनं हानिया शहराची बस. शेवटची बोट गेली की तिथंच मुक्काम. तिकीट टाकू नका, बाहेर पडताना बघतात.

दशमी_चटणी: घळीत हॉटेल नाही, झऱ्याचं पाणी आहे. दशम्या बांधून न्या. खाली खानावळीत टोमॅटोतला मोठा पांढरा घेवडा आणि उकडलेली रानभाजी मिळते. माळकऱ्यांची सोय झाली!

सह्यभटक्या: विकोसला एवढं झटकू नका राव. मोनोदेंद्री गावाहून उतरायचं, तळातून चालत व्होइदोमातिस नदीचे झरे गाठायचे, मग विकोस गावाला चढ. म्हणजे शेवट चढानं, गुडघ्याला तेवढा दिलासा. तिथल्या झागोरी भागातली दगडी गावं २०२३ला युनेस्कोच्या यादीत आली. फक्त परतीची टॅक्सी आधी ठरवा.

रंकाळ्याचा_गडी: सामारिया पक्की. पाऊस आला तर?

घाटवाट: दगड पडतात म्हणून बंद ठेवतात. क्रीटमध्ये एक दिवस जादा धरा. बायकांना आत्ताच सांगून ठेवा, तिथं गेल्यावर नको.