लुंगुह, पिनाराक आणि आपलं ‘टेका’

विचारणारी, पुणे

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं जावा बेटावर होतो, योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला, बंतुल भागातल्या एका गावात. आता त्या दिवसांबद्दल मराठीत लिहायला घेतलंय आणि काही शब्दांपाशी अडले आहे.

उच्चाराचं आधी सांगते. जावानीज शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘आ’ बोलताना ‘ऑ’ होतो, आपल्या ‘डॉक्टर’मधल्यासारखा. लिहितात ‘देसा’, म्हणतात ‘देसॉ’. पश्चिमेला बन्यूमासकडे मात्र सरळ ‘आ’ म्हणतात. मी ऐकलं तसं लिहिते.

कुणाकडे गेलं की दारापाशी थांबून हाक द्यायची, ‘कुलॉ नुवुन’. शब्दशः ‘मी मागते’. काय मागते ते सांगावं लागत नाही, आत येण्याची परवानगी हे त्यातच आलं. आतून ‘मॉङ्गॉ’ ऐकू आलं की पाऊल पुढे टाकायचं. बऱ्याच घरी आता सलाम म्हणतात, पण वयस्कर माणसांच्या तोंडी अजून कुलॉ नुवुनच.

माझा पहिला प्रश्न ‘पिनाराक’बद्दल आहे. रस्त्याने जाताना ओसरीवर बसलेला माणूस तुम्हाला म्हणतो, ‘मॉङ्गॉ, पिनाराक.’ म्हणजे या, बसा. पहिल्याच आठवड्यात एका आजींनी मला असं म्हटलं आणि मी खरंच आत गेले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं, चटई झटकली, लेकीला हाक मारली, आणि पाचच मिनिटांत झाकण असलेल्या काचेच्या पेल्यात चहा आला, तळाशी साखरेचा जाड थर, सोबत तळलेला कसावा. मी पेला उचलून प्यायले. दोन गोष्टी चुकल्या होत्या, त्या मला कित्येक महिन्यांनी कळल्या. ‘पिनाराक’ला ‘इंगिह, मॉङ्गॉ’ असं हसून म्हणायचं आणि चालू पडायचं असतं. आणि चहा समोर आला तरी यजमान ‘मॉङ्गॉ दिपुन उंजुक’, म्हणजे ‘घ्या ना’, असं म्हणेपर्यंत पेल्याला हात लावायचा नसतो. आजींनी यातलं काहीच जाणवू दिलं नाही.

आता हे मराठीत कसं आणू? ‘या, बसा’ लिहिलं तर वाचणाऱ्याला खरं बोलावणं वाटतं. ‘रामराम’ लिहिलं तर बसणं निघून जातं.

दुसरा प्रश्न जमिनीचा. गावच्या लुराहला (आपला पाटील म्हणा) आणि बाकीच्या पदाधिकाऱ्यांना पगाराच्या जागी भातशेती मिळायची. जावाभर तिला ‘बेंगकोक’ म्हणतात, योग्याकार्ताकडे ‘पेलुंगुह’. याला ‘वतन’ म्हटलं तर चालेल का?

सांगली

ताई, तुमच्या पिनाराकला आमच्याकडं तयार शब्द आहे. टेका. ‘या, टेका घटकाभर.’ ‘टेका की, च्या घेऊन जावा.’ पारावर बसलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो आणि ऐकणारा ‘असूंदे, येतो माघारी’ म्हणून पुढं जातो. कुणी खरंच टेकला तर च्या होतोच, मागं घ्यायची पद्धत नाही. ‘बसा’ म्हटलं की बूड हलत नाही. ‘टेका’मध्ये उठायची मुभा धरलेली असते. तुम्हाला हवाय तो हाच फरक असावा.

आणि बायकांचं ‘बसायला जाणं’ तिकडं आहे का? आई रोज संध्याकाळी वेण्या घालून झाल्या की म्हणायची, ‘जरा बसायला जाऊन येते.’ काम काही नसायचं.

विचारणारी

‘टेका’! माझ्या आजोळी हा शब्द होता आणि मला आठवला नाही. मनापासून आभार.

बसायला जाण्याला तिथे ‘सॉंजॉ’ म्हणतात, शेजारी सहज जाणं. लांब किंवा मजेखातर गेलं तर ‘डोलान’. पण मोठ्या माणसाकडे आपण जातो तेव्हा यातलं काहीच चालत नाही, तिथे ‘सोवान’. सोवान नेहमी स्वतःच्या जाण्याबद्दल बोलायचं, कारण त्यात आपण लहान आणि समोरचा मोठा हे आधीच बोललं गेलेलं असतं. घराचंही तसंच आहे. साध्या बोलीत ‘ओमाह’, आदराच्या बोलीत ‘ग्रियॉ’, आणि समोरच्या माननीय माणसाचं घर ते ‘दालेम’. स्वतःच्या घराला दालेम म्हटलं तर माणसं दचकतात. ग्रियॉ म्हणजे आपलं ‘गृह’च.

पुणे (निवृत्त तलाठी)

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. वतन म्हणू नका.

वतनाला वारस लागतो. पाटीलकी, कुळकर्ण बापाकडून मुलाकडे जायचं, भावांत त्याच्या वाटण्या व्हायच्या, त्यावरून पिढ्यानपिढ्या भांडणं चालायची. तुम्ही सांगता ती जमीन पदासोबत येते आणि पदासोबत जाते. माणूस खुर्चीवरून उतरला की शेत पुढच्याचं. सरंजाम तत्त्वाने त्याच्या जवळचा, पण तो सरदाराचा शब्द, गावच्या लेखनिकाला लावला तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घोडेस्वार उभे राहतील. ‘पदाची जमीन’ एवढं साधं लिहा.

एक विचारतो. तिथे गावात जमीनवाला आणि बिनजमिनीचा यांना वेगळे शब्द होते का? आपल्याकडे मिरासदार आणि उपरी होते. मिरासदार गावात मुळं असलेला, सारा भरतोय तोवर त्याला कुणी हलवू शकत नव्हतं. उपरी बाहेरून आलेला, ठरावावर कसणारा. गावच्या मानपानात या दोघांतलं अंतर फार मोठं होतं.

विचारणारी

होते, काका, आणि तुमच्या मिरासदार-उपरीशी बरेच जुळणारे आहेत. ज्याच्याकडे भातशेत, परसू आणि घर तिन्ही आहेत तो ‘कुली केंचेंग’, पक्का कुली. हा ‘कुली’ म्हणजे हमाल नव्हे. गावचा पूर्ण हक्काचा शेतकरी, आणि म्हणून सरकारी वेठीला बांधलेलाही तोच. दुसऱ्याच्या परसात स्वतःचं घर बांधून राहतो तो ‘ङिंदुंग’. स्वतःचं घरही नाही, दुसऱ्याच्याच छपराखाली राहतो तो ‘इंदुंग त्लोसोर’. हे जुने शब्द आहेत, पण आमच्या शेजारचे म्हातारबाबा एखाद्या घराबद्दल बोलताना आवाज खाली आणून ‘ङिंदुंग’ म्हणायचे.

‘पेलुंगुह’बद्दल मला जे सापडलं त्यासाठीच खरं तर हा धागा काढला. ‘लुंगुह’ म्हणजे बसणं. पूर्वी माताराम या तिथल्या जुन्या राज्याचे राजे आपल्या नातलगांना आणि सरदारांना मुलूख तोडून द्यायचे, त्या जमिनीचं नावही ‘लुंगुह’. तुझी बसायची जागा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जमीन सुधारणांत सरदारांच्या त्या जमिनी गेल्या, गावच्या पदाधिकाऱ्यांच्या राहिल्या. आणि तोच शब्द पाहुण्यालाही लागतो! पाहुणा आला की तीन गोष्टी कराव्यात असं तिथे मुलांना शिकवतात, ‘गुपुह, लुंगुह, सुगुह’. गुपुह म्हणजे यजमानाची ती लगबग, मी आजींची पाहिली तीच. मग लुंगुह, बसायला जागा. मग सुगुह, समोर काही ठेवणं. यात गुपुह मला फार आवडतं. पाहुण्यासाठी आपण धांदलून गेलो हे पाहुण्याला दिसलं पाहिजे. शांतपणे दार उघडलं तर तो तुटकपणा.

पदावरून उतरलेल्याला जमिनीचा जो तुकडा मिळतो त्याला ‘पेंगारेम-आरेम’ म्हणतात. आरेम म्हणजे मनाचं शांतवणं. निवृत्तिवेतनाला याहून माणुसकीचं नाव मी ऐकलेलं नाही.

पुणे (निवृत्त तलाठी)

सुंदर. आपल्याकडेही अधिकार ‘गादीवर बसून’च येतो, पण जमिनीचं नाव त्यावरून पडलेलं माझ्या पाहण्यात नाही. माझं ‘पदाची जमीन’ मागे घेतो. पेलुंगुह हाच शब्द ठेवा आणि पहिल्या वेळी ‘पदाच्या बसणुकीची जमीन’ असं जोडा.

कागदपत्रं कोणती होती?

विचारणारी

गावात ‘लेतेर से’ नावाची जुनी वही, इंग्रजी सी अक्षराची. डच काळापासूनची, सारा कोण भरतो याची नोंद. जुनी खरेदी-विक्रीही तिच्यातच लिहिली जायची. आपल्या सात-बाराची आठवण येते, कारण दोन्हीकडे लोक तोच मालकीचा पुरावा समजतात आणि मुळात तो साऱ्याचा कागद आहे. मालकीचं खरं प्रमाणपत्र 1960च्या जमीन कायद्यानंतरचं, त्यावर लिहिलेलं असतं ‘हाक मिलिक’. मोठ्याने वाचून बघा. हक्क आणि मालकी.

नाशिक

छान चर्चा. संस्कृतमधून गेलेले शब्द किती ते पाहून आनंद वाटला. देसा म्हणजे देश, ग्रिया म्हणजे गृह. ‘कुलॉ नुवुन’मधलं ‘कुला’ हे आपलं कुळच असणार ना? ‘मी अमुक कुळातला, आत येऊ का’ असं?

विचारणारी

नाही हो, इथे सावध राहायला हवं. ‘कुलॉ’ हे ‘कावुलॉ’चं आखूड रूप आहे, कावुलॉ म्हणजे चाकर, रयत. नम्रपणे ‘मी’ म्हणायचं तर ‘आपला चाकर’. कुळाशी नातं नाही, आणि जमीन कसणाऱ्या कुळाशी तर नाहीच. ‘कुलॉन’ म्हणजे पश्चिम, तेही वेगळंच.

पण खात्रीची नाती पुष्कळ आहेत. घरापुढच्या मोकळ्या खांबांच्या दालनाला ‘पेंडॉपॉ’ म्हणतात, तो ‘मंडप’. आपला मांडव आणि त्यांचा पेंडॉपॉ चुलतभाऊ. गावची राखण पाहणारा पदाधिकारी ‘जॉगॉबॉयॉ’, लिहितात ‘जागाबाया’. बाया म्हणजे भय, जागा म्हणजे जागणं, राखणं. आपल्या गावगाड्यातला जागल्या आठवा. मालमत्तेला इंडोनेशियन भाषेत ‘हार्ता’ म्हणतात, तो ‘अर्थ’. वारशाला ‘वारिसान’. काकांच्या मिरासीचा आणि या वारिसानचा अरबी धातूही एकच निघतो.

अमरावती

वारसा निघालाच आहे तर, मुलींना वाटा असतो का तिकडे?

विचारणारी

जुनी म्हण आहे, ‘सपिकुल सगेंडोंगान’. पिकुल म्हणजे खांद्यावरची कावड, दोन्ही टोकांना ओझं. गेंडोंग म्हणजे कापडाच्या झोळीत पाठीवर घेतलेलं एकच ओझं. मुलाला कावडभर, मुलीला पाठभर, म्हणजे दोनास एक. मला ही म्हण आधी गोड वाटली होती. मग योग्याकार्ताच्या बेरिंगहार्जो बाजारात पाठीवर पोती बांधून जिना चढणाऱ्या बायका पाहिल्या. त्या ओझ्याला ‘एकच’ म्हणवत नाही. अनेक घरांत आता सारखे वाटे करतात, आमच्या शेजारीही तसेच केले.

आणि एक शब्द मराठीत नाही याचं मला वाईट वाटतं, ‘गोनो-गिनी’. लग्नानंतर नवरा-बायकोने मिळून जोडलेली मालमत्ता. कुणाच्या नावावर आहे ते महत्त्वाचं नाही, संसारात आली म्हणून दोघांची. माहेराहून किंवा वडिलांकडून आलेली ती ‘गावान’, वाहून आणलेली, ती ज्याची त्याची. खेड्यातली न शिकलेली बाईसुद्धा ‘हे गोनो-गिनी आहे’ असं एका शब्दात सांगते. स्त्रीधन म्हणजे हे नव्हे. कुणाकडे जुना शब्द असेल तर जरूर द्या.

रत्नागिरी

तसा शब्द माहीत नाही. आमची आजी ‘दोघांच्या घामाचं’ म्हणायची, पण कागदावर तो कधी चढला नाही.

एकमेकांच्या कामाला जाण्याला तिकडे काय म्हणतात? आमच्याकडे सावड. आज माझ्या लावणीला तू, उद्या तुझ्या लावणीला मी.

विचारणारी

घर बांधायचं असेल तर ‘साम्बातान’. ‘साम्बात’ म्हणजे गाऱ्हाणं सांगणं, मदतीला हाक घालणं. गाऱ्हाण्यावरून श्रमदानाचं नाव पडलंय. मजुरी नाही, जेवण घालायचं, म्हणजे देशावरच्या इर्जिकीसारखं. 27 मे 2006च्या पहाटे बंतुलला मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. आमच्या गावातली बरीच घरं त्यानंतरची. त्यांबद्दल बोलताना लोक आधी कुणाकुणाचे हात लागले ते सांगायचे. लग्नघरी स्वयंपाकाला जाण्याला मात्र ‘रेवांग’, आणि आहेराला ‘बुवुह’. बुवुहची वही ठेवतात, आपल्या आहेराच्या वहीसारखीच, आणि ती जपून ठेवतात.

सांगली

पाहुण्याबद्दल आणखी एक. तिकडं परका माणूस गावात मुक्कामाला आला तर?

विचारणारी

गल्लीच्या तोंडाशी पाटीच असते, पाहुणा चोवीस तासांपेक्षा जास्त राहिला तर कळवणं बंधनकारक. कळवायचं ‘एर-ते’च्या प्रमुखाला, म्हणजे ‘रुकुन ततांगा’, शेजारगट. ही रचना जपानी अंमलात, 1942 ते 45च्या काळात आली आणि राहिली. माझी आई आली तेव्हा पारपत्राची नक्कल घेऊन मी आणि ती त्यांच्याकडे गेलो. दारात मी कुलॉ नुवुन म्हटलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला, आईला बसवलं, चहा आला. आईला भाषेतला एक शब्द येत नव्हता. ती पेल्याला हात न लावता बसून राहिली, कारण घरच्यांनी ‘घ्या’ म्हटल्याशिवाय घ्यायचं नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. एर-तेंच्या बायकोने मला हळूच विचारलं, ‘तुमची आई जावाची आहे का?’

निघताना मी ‘न्युवुन पामित’ म्हटलं, निघायची परवानगी मागते. त्या म्हणाल्या, ‘कोक कसुसु?’, एवढी घाई का? हे आईला समजावून सांगणार, तोवर ती हात जोडून मराठीत म्हणालीसुद्धा, ‘येते हं.’ तर ‘पामित’ला मी ‘येते’ लिहिणार आहे आणि ‘पिनाराक’ला ‘टेका’. ‘गुपुह’ अजून अडलेलं आहे. ‘धांदल’मध्ये पाहुण्याचा आनंद येत नाही, ‘लगबग’मध्ये थोडा येतो. कुणाच्या बोलीत याहून जवळचा शब्द आहे का?

अमरावती

आमच्याकडे पाहुणा दिसला की बाई ‘भांबावते’ म्हणतात, पण त्यात घाबरणं आहे. ‘लगबग’च ठेवा.