स्नोबॉल डर्बी : रेषा ओलांडणारा पहिला, विजेता मात्र दुसराच, असे का?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पेन्साकोला येथे दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला ‘स्नोबॉल डर्बी’ नावाची स्टॉक कार (म्हणजे नेहमीच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या, पण शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांची) शर्यत होते. तिच्या विजेत्यांची यादी पाहताना मला दोन गोष्टींचा उलगडा झाला नाही. नॅस्कार या अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींच्या प्रमुख संघटनेच्या गुणतालिकेशी या शर्यतीचा काहीही संबंध नाही आणि ट्रॅकही जेमतेम अर्ध्या मैलाचा आहे. तरीही काइल बुश आणि चेस एलियट यांच्यासारखे नॅस्कारचे नामांकित चालक तिथे का उतरतात? दुसरे असे की, २०१३ साली चेस एलियटने सर्वांच्या आधी अंतिम रेषा ओलांडली असताना विजेता म्हणून एरिक जोन्सचे नाव कसे नोंदले गेले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी दिनदर्शिकेत आहे. नॅस्कारचा मोसम नोव्हेंबरमध्ये संपतो, उत्तरेकडील राज्यांतील लहान ट्रॅक थंडीमुळे त्याआधीच बंद झालेले असतात आणि फ्लोरिडाच्या वायव्य टोकाला असलेल्या पेन्साकोलात मात्र डिसेंबरमध्येही गाडी पळवता येते. त्यामुळे एरवी आपापल्या प्रदेशातच स्पर्धा करणारे चालक या एका आठवड्यात एकाच ठिकाणी येऊ शकतात, आणि मोठ्या मालिकांतील चालकांनाही त्या वेळी दुसरे बंधन नसते.

फाइव्ह फ्लॅग्ज स्पीडवे हा ट्रॅक १९५३ पासूनचा आहे. तो चालवणारे टॉम डॉसन यांनी १९६८ साली ही शर्यत सुरू केली, आणि विजेत्याला मिळणारा चषक आजही त्यांच्याच नावाने दिला जातो. पहिला मान वेन नीडेकेन यांनी मिळवला. १९७६ साली नॅस्कारचे चालक डॅरेल वॉल्ट्रिप जिंकले, तेव्हा ही शर्यत केवळ गावापुरती राहिलेली नाही हे स्पष्ट झाले होते. असे असले तरी सर्वाधिक विजय एखाद्या राष्ट्रीय ताऱ्याच्या नावावर नाहीत. ते विस्कॉन्सिनच्या रिच बिकल यांच्या नावावर आहेत : १९९०, १९९१, १९९६, १९९८ आणि १९९९. लहान ट्रॅकवर घडलेल्या चालकाने हा विक्रम करावा, यातच या शर्यतीचे खरे मोल आहे असे मला वाटते.

आता मुख्य शर्यत सुपर लेट मॉडेल (लहान ट्रॅकवरील स्टॉक कारचा एक वेगवान वर्ग) गाड्यांची आणि ३०० फेऱ्यांची, म्हणजे दीडशे मैलांची असते. डांबर जुने आणि खरखरीत असल्यामुळे टायर लवकर झिजतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत जोर लावणारा चालक नंतर मागे पडतो. कधी थांबायचे, नवे टायर कोणत्या टप्प्यासाठी राखून ठेवायचे, याचा हिशेब शेवटपर्यंत चालू राहतो. शिवाय प्रवेशिका भरली म्हणजे शर्यतीत जागा मिळाली असे होत नाही. पात्रता फेरीत पुरेसा वेग न दाखवलेल्यांना ‘लास्ट चान्स’ शर्यतीतून वर यावे लागते, आणि कित्येक चांगले चालक दरवर्षी तिथूनच परत जातात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला मी एवढीच जोड देतो की, ही शर्यत तरुण चालकांसाठी दारही ठरली आहे. २०११ साली चेस एलियट जिंकला तेव्हा त्याला सोळावे वर्ष पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. पुढच्याच वर्षी सोळा वर्षांच्या एरिक जोन्सने काइल बुशला मागे टाकून डर्बी जिंकली, आणि ज्याला हरवले त्याच बुशने त्याला नॅस्कारच्या पिकअप ट्रकांच्या शर्यत-मालिकेतील आपल्या संघात घेतले. त्याच सुमारास नॅस्कारने ट्रक मालिकेतील लहान ट्रॅकसाठी किमान वय सोळा केले होते, म्हणून जोन्सला लगेच उतरता आले. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने फिनिक्स येथे ट्रक मालिकेतील पहिला विजयही मिळवला.

स्त्री चालकांचाही इथे उल्लेख व्हायलाच हवा. मोटरसायकल शर्यतींतून आलेल्या टॅमी जो कर्क १९९४ साली डर्बी जिंकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. २०१० साली पेन्साकोलाचीच अठरा वर्षांची जोहाना लाँग जिंकली. इतक्या नामांकित शर्यतीत दोन स्त्रियांनी विजय मिळवला आहे, ही गोष्ट फार कमी सांगितली जाते, याची मला खंत वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. २०१३ च्या निकालाबद्दल कुणी लिहू शकेल का? नेमका कोणता नियम मोडला गेला होता?

प्रतिसाद ३

एलियटच्या गाडीत शर्यतीनंतरच्या तपासणीत टंगस्टनचे वजन सापडले, आणि नियमांनुसार त्या धातूला परवानगी नव्हती. याचे महत्त्व कळण्यासाठी गाडीची बांधणी थोडी समजून घ्यावी लागेल. संघ आपली गाडी किमान वजनापेक्षा हलकी बनवतात आणि उरलेला भार वेगळे वजन बसवून भरून काढतात, कारण असा भार हव्या त्या जागी ठेवता येतो. ओव्हल (लंबवर्तुळाकार) ट्रॅकवर सगळी वळणे डावीकडे असल्यामुळे तो जितका खाली आणि डाव्या बाजूला असेल तितकी गाडी वळणात स्थिर राहते. यासाठी सहसा शिसे वापरतात. टंगस्टनची घनता शिशाच्या सुमारे पावणेदोन पट आहे, त्यामुळे तेवढेच वजन कमी जागेत, अधिक खाली बसवता येते. तो धातू बराच महागही असतो. म्हणून त्यावरील बंदीमुळे कमी पैशांत गाडी उभी करणाऱ्या संघांचेही रक्षण होते.

या निकालाने जोन्सला सलग दुसरे विजेतेपद मिळाले. नॅस्कार विजेते बिल एलियट यांचा मुलगा, म्हणजे आडनाव मोठे आहे म्हणून एलियटला सवलत मिळाली नाही, आणि मला त्या निर्णयाबद्दल मनापासून आदर वाटतो. २०१५ साली हीच कठोरता एलियटच्या बाजूने गेली : त्या वेळी सर्वप्रथम आलेला क्रिस्टोफर बेल तपासणीत बाद झाला आणि विजय एलियटला देण्यात आला. २०१९ सालीही स्टीफन नासे याला अपात्र ठरवून ट्रॅव्हिस ब्रेडन याला विजेता घोषित केले गेले.

ही पद्धत प्रेक्षकांच्या दृष्टीने त्रासदायक आहे, हे मी नाकारत नाही. रात्री उशिरा निकाल बदलला तर मैदानात जल्लोष करून गेलेल्यांना तो दुसऱ्या दिवशी कळतो. परंतु ज्या शर्यतीत स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी बांधणारा चालक आणि नॅस्कारचा विजेता एकाच रांगेत उभे राहतात, तिथे छोट्या संघाने हजारो मैलांचा प्रवास करून यावे असे वाटत असेल, तर गाडी सर्वांचीच सारख्याच काटेकोरपणे उघडली जाईल याची खात्री त्याला द्यावीच लागते. आपण विजेत्यांची यादी वाचताना या तीन वर्षांचा निकाल तपासणीनंतरचा आहे, हे ध्यानात ठेवावे.