गॅड-६५ च्या रिपोर्टबद्दल थोडी भर
'गॅड-६५ (रक्तातल्या एका अँटिबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे स्टिफ पर्सन सिंड्रोमच (स्नायू ताठ होऊन आचके येण्याचा दुर्मिळ आजार)' असं कुणी म्हणतं, पण तेवढ्यावर निदान ठरत नाही. या अँटिबॉडी टाइप १ मधुमेहातही सापडतात. तिथे प्रमाण सहसा खूपच कमी असतं, म्हणून रिपोर्टमधला आकडा बघा. सोबत ईएमजी (स्नायूंमधल्या विद्युत हालचालीची तपासणी) हवा, तोही पोटाच्या आणि कण्यालगतच्या स्नायूंचा. या सिंड्रोममध्ये रुग्ण स्वस्थ पडलेला असतानाही पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी आखडलेले दिसतात. डायझेपाम (स्नायू सैल करणारं औषध) चालू असेल तर ही खूण पुसट होऊ शकते, तपासणाऱ्याला आधीच सांगा. आणि कृपा करून, गुंगी येते म्हणून डायझेपाम किंवा बॅक्लोफेन (हेही स्नायू सैल करणारं औषध) एकदम बंद करू नका. आचके वाढतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायचा.